देवाचे प्रकाशमान मुख आणि आपला आशीर्वाद



दरवर्षी १ जानेवारीला, पवित्र मरिया देवमाता हिच्या सोहळ्याच्या दिवशी, मिस्साबलिदानातील पहिले वाचन फार छोटे असते. गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील अवघी सहा वचने (गणना ६:२२-२७). आदल्या रात्रीच्या जागरणाने अनेकांचे डोळे मिटत असतात. वाचन सुरू झाले असे वाटते न वाटते तोच प्रतिसाद स्तोत्र सुरू होते आणि ती वचने कानांवरून निघून जातात. पण वर्षाच्या पहिल्याच दिवशी ख्रिस्तसभा आपल्याला हे वाचन का ऐकवते, यावर थोडा विचार करायला हवा. पवित्र शास्त्रात प्रकाश आणि आशीर्वाद हे शब्द ठिकठिकाणी भेटतात. या सहा वचनांत ते एकमेकांत असे मिसळले आहेत की एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून लागत नाही.

प्रसंग सिनायच्या रानातला आहे. इस्राएल लोक लवकरच मुक्काम हलवणार आहेत. पुढे वाळवंट आहे, वाट लांबची आहे. निघण्यापूर्वी परमेश्वर मोशेला सांगतो की, अहरोन व त्याचे पुत्र यांनी लोकांना कोणत्या शब्दांत आशीर्वाद द्यावा. मूळ हिब्रू भाषेत हा आशीर्वाद फक्त पंधरा शब्दांचा आहे. पहिल्या ओळीत तीन शब्द, दुसरीत पाच, तिसरीत सात. ओंजळ भरत जावी तशी ओळ वाढत जाते. पहिल्या ओळीत परमेश्वराने आशीर्वाद देऊन सांभाळावे अशी मागणी आहे. दुसरीत त्याच्या मुखाचा प्रकाश पडावा आणि कृपा व्हावी अशी, तर तिसरीत त्याने आपले मुख आपल्याकडे करावे आणि शांती द्यावी अशी. परमेश्वराचे नाव तिन्ही ओळींत आहे. मुख हा शब्द दोनदा आला आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. समोर सगळी इस्राएल प्रजा उभी असताना याजक ‘तुम्हाला’ म्हणत नाही, ‘तुला’ म्हणतो. हिब्रू भाषेत पुष्कळदा साऱ्या लोकांनाही एकवचनात संबोधले जाते हे खरे. तरीपण गर्दीत मागे उभ्या असलेल्या एखाद्या म्हातारीला ते शब्द आपल्यालाच उद्देशून आहेत असे वाटले असेल, तर तिचे काही चुकले नाही.

देव आत्मा आहे, मग त्याला मुख कुठले? शास्त्र येथे माणसांच्या भाषेत बोलते. आपल्या मराठीतही रागावलेला माणूस तोंड फिरवतो, वाईट बातमी ऐकून चेहरा पडतो, आणि लेक माहेरी आली की आईचा चेहरा उजळतो. हिब्रू माणूस असाच बोलत असे. देवाने आपले अर्पण स्वीकारले नाही हे पाहून काइनाचा चेहरा पडला, असे उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिले आहे (४:५). नीतिसूत्रांत राजाच्या चेहऱ्यावरील प्रकाशाला जीवन म्हटले आहे आणि त्याच्या मर्जीला वळवाच्या ढगाची उपमा दिली आहे (१६:१५). पॅलेस्टाईनमध्ये वळवाचा हा पाऊस कापणीच्या आधी येतो आणि त्याच्यामुळे दाणा भरतो. दरबारात दोषी म्हणून उभ्या असलेल्या माणसाचे सारे लक्ष राजाच्या चेहऱ्याकडे असते. तो चेहरा उजळला, तर निकालपत्र वाचण्याआधीच त्याला कळते की आपण वाचलो.

म्हणून पवित्र शास्त्रातला आशीर्वाद ही सर्वांत आधी देवाची आपल्याकडे वळलेली प्रेमळ दृष्टी आहे. देणग्या तिच्या मागून येतात. हा प्रकाश सूर्याचाही नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आले आहे?

याचा अर्थ देवाकडे भाकरी, नोकरी, आरोग्य मागणे चूक आहे असा मात्र कोणी करू नये. अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आशीर्वाद शेतात पोहोचतो, गोठ्यात पोहोचतो, पीठ मळण्याच्या परातीतही पोहोचतो. आपला देव स्वयंपाकघरात येणारा देव आहे. परंतु चौथ्या स्तोत्राचा कर्ता एक तुलना करतो ती विसरता येत नाही. आमचे भले कोण करील, असे विचारणारे पुष्कळ आहेत. मात्र ज्यांचे धान्य व द्राक्षारस उदंड झाला त्यांच्यापेक्षा, देवाच्या मुखाच्या प्रकाशात आपल्याला अधिक आनंद आहे, असे तो म्हणतो. धान्य वाईट असे तो म्हणत नाही, फक्त कशाने जास्त पोट भरते ते सांगतो.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे बरे नव्हे. ज्या घरात वर्षानुवर्षे आजारपण आहे, कर्ता मुलगा गेला आहे, लग्न होऊन बारा वर्षे झाली तरी पाळणा हलला नाही, त्या घराकडे देवाने पाठ फिरवली आहे काय? असे सुचवणारे लोक आपल्या आसपास असतात. एखादी शेजारीण सहज म्हणून जाते की, तुमच्या घरावर कसला तरी शाप असावा. कधी एखाद्या प्रार्थनासभेतूनही माणूस असाच ग्रह करून घरी येतो, की माझा विश्वास कमी पडला म्हणून मला आशीर्वाद नाही. दुखण्यापेक्षा हे ओझे जड असते.

प्रभू येशूने हा हिशेब साफ नाकारला आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे प्रभूने सांगितले, मी जगाचा प्रकाश आहे असे म्हटले आणि त्या माणसाच्या डोळ्यांना चिखल लावला (योहान ९). स्तोत्रसंहितेतही देव मुख लपवतो अशी तक्रार पुन्हापुन्हा येते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे आणि ख्रिस्तसभेच्या दैनिक प्रार्थनेत म्हटले जाते. अंधारात बसून देवाला हाक मारणारा माणूस आशीर्वादाबाहेर पडलेला नसतो.

क्रुसाकडे पाहा. भर दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडला होता. देवाने आपला त्याग का केला, असे प्रभूने विचारले ते बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांत. ते स्तोत्र आपण पुढे वाचत नाही. त्याच स्तोत्रात, चोविसाव्या वचनाच्या आसपास, पीडिताची ग्वाही आहे की देवाने त्याच्यापासून आपले मुख लपवले नाही, त्याची हाक ऐकली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते खरे ठरले.

या आशीर्वादाविषयी एक ऐतिहासिक गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९७९ साली यरुशलेमच्या जुन्या नगराबाहेर, हिन्नोमच्या खोऱ्याच्या उतारावरील प्राचीन थडग्यांत, गॅब्रिएल बार्काय या संशोधकाच्या पथकाला चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. त्या उलगडण्यातच काही वर्षे गेली, कारण पत्रा ठिसूळ झाला होता. उलगडल्यावर मोठी गुंडाळी सुमारे दहा सेंटिमीटर लांब निघाली, लहान जेमतेम चार. दोन्हींवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. बहुतेक अभ्यासक त्या ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा सहाव्या शतकाच्या आरंभीच्या मानतात. आज हाती असलेला बायबलमधील मजकुराचा हा सर्वांत जुना लिखित पुरावा आहे. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांपेक्षाही काही शतके जुना. कोणीतरी तो अंगावर वागवला आणि मेल्यावरही तो त्याच्याबरोबर राहिला. ज्या खोऱ्याच्या नावावरून नरकासाठी ‘गेहेन्ना’ हा शब्द आला, त्याच खोऱ्याच्या काठावर लोकांनी आपल्या मृतांना देवाच्या मुखाच्या प्रकाशाच्या स्वाधीन केले होते.

काही जण म्हणतील, हा तर ताईत झाला. तशी भीती असते खरी. म्हणूनच सत्ताविसाव्या वचनाकडे लक्ष हवे. याजकांनी परमेश्वराचे नाव लोकांवर ठेवायचे आहे. आशीर्वाद मात्र परमेश्वर स्वतः देणार आहे. शब्दांत किंवा चांदीत जादू नाही.

असिसीकर संत फ्रान्सिसने हे ओळखले होते. १२२४ साली ला वेर्ना डोंगरावर असताना त्याचा सोबती ब्रदर लिओ मनाने फार खचला होता. फ्रान्सिसने चामड्याच्या एका तुकड्यावर स्वतःच्या हाताने गणनाच्या पुस्तकातील हाच आशीर्वाद लिहिला आणि खाली लिओचे नाव घालून त्याला दिला. लिओने तो मरेपर्यंत जपला आणि आजही तो असिसी येथे आहे. त्या सुमारास फ्रान्सिसच्या डोळ्यांचा आजार वाढत चालला होता. पुढच्याच वर्षी, जवळजवळ आंधळा झालेला असताना, त्याने सूर्यबंधूचे प्रसिद्ध स्तुतिगीत रचले.

आता संत लूककडे येऊ. त्याच्या शुभवर्तमानाच्या आरंभी जखऱ्या याजक धूप जाळायला मंदिरात जातो. बाहेर लोक वाट पाहत उभे आहेत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे धूप जाळून झाल्यावर याजक बाहेर येऊन लोकांना हाच आशीर्वाद देत असत. जखऱ्या बाहेर येतो, पण त्याची वाचा बसलेली आहे. लोक आशीर्वादावाचूनच घरी गेले असावेत. योहानाच्या जन्मानंतर त्याची जीभ मोकळी होते, तेव्हा अंधारात बसलेल्यांवर वरून पहाट उगवणार असल्याचे तो गातो. मग मंदिरात वृद्ध शिमोन बाळ येशूला हातांत घेऊन त्याला राष्ट्रांचा प्रकाश म्हणतो. २ फेब्रुवारीच्या सणाला आपण मेणबत्त्या पेटवतो त्या यासाठीच. आणि शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी, बेथानीजवळ, पुनरुत्थित प्रभू हात वर करून शिष्यांना आशीर्वाद देतो. आशीर्वाद देत असतानाच तो वर घेतला जातो (लूक २४:५०-५१). त्याने हात खाली घेतले असे लूक कोठेही लिहीत नाही.

प्रेषित पौल याच गोष्टीकडे बोट दाखवतो. देवाच्या गौरवाचा प्रकाश ख्रिस्ताच्या मुखावर दिसतो, असे त्याने करिंथकरांना लिहिले (२ करिंथ ४:६). दमास्कसच्या वाटेवर त्या प्रकाशाने तीन दिवस आंधळा झालेला माणूस हे लिहीत होता, म्हणून त्याला वजन आहे.

मिस्साबलिदानाच्या शेवटी धर्मगुरू हात उचलतात ते याच परंपरेत. त्यामुळे कम्युनियन घेऊन थेट स्कूटर गाठणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, दोन मिनिटे थांबा; जखऱ्याच्या वेळचे लोक त्यासाठी तिष्ठत उभे राहिले होते.

घरी आशीर्वाद देण्याचा अधिकार आईवडिलांनाही आहे. संध्याकाळच्या रोझरीनंतर मुलांनी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेण्याची आपली जुनी चाल दूरदर्शनच्या मालिकांपुढे मागे पडली आहे. ती या ३१ डिसेंबरला पुन्हा सुरू करता येईल. घरातील ज्येष्ठ व्यक्तीने गणना ६:२४-२६ उघडावे, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवावा आणि त्याचे नाव घेऊन, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, त्या तीन ओळी वाचाव्यात. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला घाईत उरकू नये. ज्या भावाशी अनेक महिने बोलणे बंद आहे, त्याचेही नाव त्या रात्री घ्यावे. तो समोर नसेल तर त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून.