आधी ती टाचणी खाली ठेव

अगं, वायफायचा पासवर्ड विसरलीस म्हणून राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसायला निघालीस ना? थांब. ते रिसेटचं बटण आहे. दाबून धरलंस की पासवर्डाबरोबर आतलं बाकी सगळंही पुसलं जातं. नेट जोडून देणाऱ्याने जे युजरनेम आणि सेटिंग भरून ठेवलेलं असतं, बऱ्याचदा तेही जातं. मग नेटच बंद, आणि दिवसभर ‘येतो मॅडम’ ऐकत बसायचं.

तुझा लॅपटॉप आत्ता वायफायवर चालतोय ना? तो रोज काही न विचारता जोडला जातो, म्हणजे पासवर्ड त्याच्याकडे आहेच. फक्त मागायचा.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स. आपल्या घरच्या नावावर क्लिक केलंस की व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की दिसेल. हा पर्याय नंतरच्या अपडेटमध्ये आलाय. नसेल दिसत तर कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्स उघड, वायफायवर राइट क्लिक करून स्टेटस, मग वायरलेस प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि शो कॅरॅक्टर्सवर टिचकी. मॅकवाल्यांचं कीचेनमध्ये असतं. आणि अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन जोडलेला असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये शेअर दाबून क्यूआर कोडच दाखव पाहुण्यांना, टाइप करायची कटकटच नको.

आता खरी मजा ऐक. लॅपटॉपला फक्त इथलंच नाही, पूर्वी जोडलेली सगळी नेटवर्क्स आठवतात. दिवाळीत आईकडे जोडला होतास ना? तिचा पासवर्ड ती विसरली तर इथे बसून काढता येतो. कमांड प्रॉम्प्ट उघडायचं आणि नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स लिहायचं, की जुन्या नावांची यादी येते. मग तेच, पण प्रोफाइल एकवचनी, पुढे नेम, बरोबरचं चिन्ह, अवतरणात आईच्या वायफायचं नाव, आणि शेवटी की, बरोबरचं चिन्ह, क्लिअर. खाली की कंटेंटसमोर पासवर्ड उघडा. स्मॉल एल, कॅपिटल आय आणि एक यांच्यात गोंधळू नकोस, हाताने उतरवण्यापेक्षा कॉपी कर. ऑफिसचं नेटवर्क मात्र असं मिळेलच असं नाही. जिथे प्रत्येकाचं वेगळं युजरनेम असतं, तिथे सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड नसतोच.

आणि एखाद्या घरात जोडलेलं काहीच नसेल तर राउटर उलटा करून स्टिकर बघ. कुणी पासवर्ड बदलला नसेल तर त्यावर छापलेलाच चालतो. नाहीतर लॅनची वायर राउटरमधून लॅपटॉपला लाव. वायरीला वायफायचा पासवर्ड लागत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलंस की बहुतेक राउटर उघडतात. तिथे जो पासवर्ड मागेल तो राउटरचा, वायफायचा नव्हे. दोन्ही वेगळे, आणि लोक नेमके इथेच अडकतात.

हे सगळं तुला जितकं सोपं गेलं, तितकंच तुझ्या उघड्या लॅपटॉपसमोर बसलेल्या कुणालाही जाईल. दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप, शेजारच्या मुलाला ‘प्रोजेक्टपुरता’ वापरायला दिलेला, सगळं धरून. त्यातून नणंदेच्या लॅपटॉपवर असलं काही करायला जाशील तर विचारून कर बाई, घरातली भांडणं वायफायवरून नकोत. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क सुरू कर. बहुतेक नव्या राउटरांत सोय असते, आणि खरा पासवर्ड घरातच राहतो.

बदलायचाच असेल तर निदान आठ अक्षरं लागतातच, पण तू चांगला लांब ठेव. मुलांची नावं आणि जन्मतारखा नकोत, सगळी सोसायटी ओळखते त्यांना. लिहून गॅसच्या पुस्तकात ठेवलास तरी माझी हरकत नाही. ते पुस्तक उघडणारा चोर आधीच स्वयंपाकघरात आलेला असेल. फक्त रात्री मालिकेच्या वेळेला बदलू नकोस. टीव्हीलाही नवा पासवर्ड द्यावा लागतो, आणि रिमोटवरून एकेक अक्षर टिपताना सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात.