काउंट फोल्के बर्नादोत : शिपाई आणि मध्यस्थ

स्वीडन देशाचा राजपुत्र ऑस्कर याने राजकुळाबाहेरील स्त्रीशी विवाह करण्याकरिता १८८८ साली गादीवरील आपला हक्क सोडला. पुढे त्याने पुष्कळ वर्षे तरुण ख्रिस्ती संघाच्या कामात घालविली. त्याच्या पाच मुलांपैकी धाकटा फोल्के. जन्म २ जानेवारी १८९५. काउंट म्हणजे सरदार. एवढीच पदवी त्यांच्या वाट्यास आली.

फोल्के घोडदळात शिरले व मेजरच्या हुद्द्यास पोहोचले. परंतु स्वीडन १८१४ पासून कोणत्याही युद्धात उतरला नव्हता. त्यामुळे या शिपायास स्वतः लढाई करण्याचा प्रसंग आला नाही. दुसऱ्यांच्या लढायांतून माणसे सोडविणे हेच त्यांचे काम झाले. १९४३ साली ते स्वीडनच्या रेडक्रॉस संस्थेचे उपाध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी गोटेनबर्ग बंदरात जखमी ब्रिटिश व जर्मन कैद्यांची अदलाबदल झाली, तिच्या व्यवस्थेत त्यांचा हात होता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ते जर्मनीत हिमलर यास भेटले. लक्षावधी निरपराध्यांचा घात ज्याच्या हुकमाने झाला, तो हा मनुष्य. अशाच्या समोर बसावे काय, असे वाचक विचारतील. परंतु छावण्यांच्या किल्ल्या त्याच्याच हाती होत्या. त्याच्याकडून परवानगी मिळताच रेडक्रॉसच्या मोटारबसगाड्या जर्मनीत गेल्या. वरून बाँब पडू नयेत म्हणून त्या पांढऱ्या रंगवून त्यांवर तांबडे क्रूस काढले होते. तरीही विमानांच्या माऱ्यात काही जण मेलेच. मे महिन्यापर्यंत सुमारे १५,००० बंदिवान स्वीडनला पोहोचले. त्यांतील जवळजवळ अर्धे नॉर्वे व डेन्मार्कचे, बाकीचे इतर देशांचे. यहूदीही पुष्कळ होते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. थोरांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची चाल आहे, ती बरी नव्हे. हांबुर्गजवळील नॉयनगामे छावणीत नॉर्वे-डेन्मार्कच्या कैद्यांस एकत्र आणावयाचे होते, व जागा नव्हती. तेव्हा छावणीच्या अधिकाऱ्यांच्या मागणीवरून याच पांढऱ्या गाड्यांनी इतर देशांचे सुमारे २,००० आजारी कैदी तेथून दुसऱ्या छावण्यांत नेऊन टाकले. त्यांतील पुष्कळ जण मेले. गाडी हाकणाऱ्या स्वीडिश शिपायांनी त्यांची दशा डोळ्यांनी पाहिली. ज्याच्या हाती किल्ली त्याच्याशी बोलणे करावे लागते, आणि तो आपली किंमत घेतो. ही किंमत तर त्या आजाऱ्यांनी भरली, आणि त्यांस कोणी विचारले नव्हते.

मे १९४८ मध्ये पॅलेस्टाईनवरील इंग्रजी अंमल संपला, इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, आणि भोवतालच्या अरब राष्ट्रांशी त्याचे युद्ध जुंपले. २० मे रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने बर्नादोत यांस मध्यस्थ नेमले. ११ जूनला त्यांनी चार आठवड्यांपुरती लढाई तहकूब करविली. मुदत संपताच पुन्हा रणधुमाळी सुरू झाली. १८ जुलैस दुसरी तहकुबी झाली. त्यांनी सुचविलेली तडजोड मात्र दोन्ही पक्षांनी झिडकारली. गावात भाऊबंदांचा बांधाचा तंटा मिटविण्यास जो बसला असेल, त्यास याचे नवल वाटणार नाही. परागंदा झालेल्या अरबांस आपापल्या घरी परतण्याचा हक्क असावा, हा त्यांचा आग्रह होता. यरुशलेम कोणत्याही एका पक्षाकडे न देता राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली ठेवावे, असे त्यांनी शेवटच्या अहवालात लिहिले. त्या अहवालावर १६ सप्टेंबरची तारीख आहे.

दुसऱ्या दिवशी यरुशलेमेतून जाताना लेही नावाच्या यहूदी गुप्त टोळीच्या माणसांनी रस्त्यात आडवी गाडी घालून त्यांस गोळ्या घातल्या. सोबत सशस्त्र पहारा नव्हता. शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो हेही ठार झाले. सेरो यांची पत्नी जर्मन छावणीतून बर्नादोत यांच्या प्रयत्नाने सुटली होती, व आभार मानण्यासाठीच ते त्या जागी बसले होते, असे सांगतात. या खुनाबद्दल कोणासही शिक्षा झाली नाही.

त्यांचे सहायक राल्फ बंच यांनी काम पुढे चालविले, व १९४९ साली ईजिप्त, लेबानोन, जॉर्डन व सिरिया यांचे इस्राएलाशी शस्त्रसंधीचे करार झाले. बंच यांस १९५० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तहकुबीवर नजर ठेवण्यासाठी बर्नादोत यांच्या हाताखाली जे लष्करी निरीक्षक जून १९४८ मध्ये आले, त्यांचे पथक अद्यापि यरुशलेमेत आहे. ते शस्त्र बाळगीत नाहीत.