न उतरणारा ताप : अंडाशयनीलेतील गुठळी

रक्त शरीराबाहेर येताच गोठते आणि शरीरात असेतोवर वाहते राहते, अशी निसर्गाची योजना आहे. शस्त्रक्रियेनंतर या योजनेचा तोल काही काळ ढळतो. प्रवाह मंदावणे, नीलेच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे होत. एकोणिसाव्या शतकातील जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्चो याच्या नावाने ती ओळखली जातात. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही तिन्ही कारणे एकत्र येऊ शकतात.

अशी गुठळी बहुधा पायाच्या खोल नीलेत होते. पाय सुजतो, पोटरी दुखते आणि आजार लक्षात येतो. क्वचित मात्र ती अंडाशयाकडून रक्त परत नेणाऱ्या नीलेत तयार होते. तेथील सूज डोळ्यांस दिसत नाही, हीच खरी अडचण होय.

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस असलेल्या मयूर विहारमधील एखाद्या गृहिणीची कल्पना करू. शस्त्रक्रियेनंतर ती चौथ्या दिवशी घरी येते. दोन-तीन दिवसांनी तिला ताप भरतो व ओटीपोटात उजवीकडे दुखू लागते. टाके स्वच्छ असतात. आंत्रपुच्छाचा दाह, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा पोटातील गळू यांचा संशय येतो आणि तो रास्तही असतो. प्रतिजैविके दिली जातात. तरी ताप हटत नाही. अशा वेळी केवळ औषध बदलून न थांबता गुठळीचाही विचार करावयास हवा.

हे दुखणे बहुधा उजवीकडेच का आढळते? डावी अंडाशयनीला मूत्रपिंडाच्या नीलेस मिळते. उजवी मात्र थेट अधोमहानीलेस जाऊन मिळते. ती अधिक लांब असून तिच्यातील झडपाही पुष्कळदा अपुऱ्या असतात. गुठळी वाढत अधोमहानीलेत पोहोचली आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर प्राणावर बेतू शकते.

आतड्यांतील वायूमुळे सोनोग्राफीत ही नीला नेहमीच स्पष्ट दिसत नाही. शिरेतून रंजकद्रव्य देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआय चित्रात गुठळी सहसा दिसते.

उपचारात रक्त गोठू न देणारे औषध मुख्य असते. संसर्ग असल्यास प्रतिजैविकांची जोड देतात. अशा औषधांपैकी हेपॅरिनचा शोध १९१६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून लागला. हे औषध गुठळी विरघळवीत नाही. ते तिची वाढ रोखते व पुढील काम शरीर स्वतः करते. पुढे बहुधा सुमारे तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. जखम ताजी असल्याने रक्तस्रावाचा धोका असतो; म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

रुग्णाने व घरच्यांनी एवढे ध्यानी ठेवावे : शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर ताप व पोटदुखी सुरू झाल्यास शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा थुंकीतून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.