घरातल्या आजारांची नोंद ठेवूया

"आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले," एवढेच आपण सांगतो. दुखणे कोणते, वय किती, हे विचारत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र ही माहिती जीव वाचवू शकते.

काही घराण्यांत 'लिंच सिंड्रोम' हा जनुकीय दोष असतो. अमेरिकेतील डॉ. हेन्री लिंच यांनी १९६६ साली अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई किंवा वडिलांत दोष असेल, तर प्रत्येक मुलात वा मुलीत तो येण्याची शक्यता निम्मी असते.

३-२-१ लक्षात ठेवू : जवळच्या ३ नातेवाइकांना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर, सलग २ पिढ्यांत, त्यातील १ पन्नाशीच्या आत. एवढे जुळले नाही, पण एकालाही कमी वयात झाला असेल, तरी डॉक्टरांना सांगावे.

तपासणीत दोष निघाल्यास साधारण २० ते २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासतात. गाठी कॅन्सर होण्याआधीच काढता येतात.

नोंद करताना आईचे माहेर विसरू नये. लग्न होऊन गेलेल्या बहिणींनाही कळवावे. यात लपवण्यासारखे काही नाही.