सहसंयुज बंध : नित्य वापरातील पदार्थांचे गुणधर्म व सावधगिरी

मीठ, साखर, खोबरेल तेल, कापूर आणि स्वयंपाकाचा गॅस हे पदार्थ आज बहुतेक घरांत आढळतात. मीठ कितीही काळ उघडे राहिले तरी हवेत उडून जात नाही. कापराच्या डबीचे झाकण सैल राहिल्यास मात्र कापूर हळूहळू नाहीसा होतो. मीठ वितळण्यास सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. साखर २०० अंशांच्या आतच वितळून काळवंडू लागते. या भेदाचे कारण अणू एकमेकांशी कसे जोडले गेले आहेत, यात आहे.

मिठामध्ये सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूला देऊन टाकतो. त्यामुळे दोघेही विद्युतभारित होतात व परस्परांना घट्ट धरून ठेवतात. हा आयनिक बंध होय. साखर, पाणी, तेल, कापूर व गॅस यांत देवघेव नसून भागीदारी असते. दोन शेजाऱ्यांनी बांधावरील विहीर सामाईक ठेवावी, त्याप्रमाणे दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात. पाण्यात ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या दोन अणूंशी अशी भागीदारी करतो. ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्यूइस यांनी १९१६ साली मांडली. या बंधास सहसंयुज बंध म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. रेणूच्या आतील सहसंयुज बंध बळकट असतो. परंतु एका रेणूची दुसऱ्या रेणूविषयीची ओढ त्या मानाने दुबळी असते. पाणी उकळते तेव्हा रेणू फुटत नाहीत, ते केवळ एकमेकांपासून दूर होतात. म्हणूनच वाफ थंड होताच पुन्हा पाणी मिळते. हिरा हा मात्र अपवाद आहे. त्यात कार्बनचा प्रत्येक अणू इतर चार अणूंशी सहसंयुज बंधाने जखडलेला असतो, सुटे रेणू नसतातच. त्यामुळे तो अत्यंत कठीण असतो.

स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन उणे ४२ अंशांस, तर ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो. सिलिंडरमध्ये ते दाबाखाली द्रवरूपात असतात. बाहेर पडताच त्यांचा वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा उग्र वास नसतो. गळती कळावी म्हणून वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. असा वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

तेलाचे रेणू पाण्यात मिसळत नाहीत. कढईतील तेलाने पेट घेतल्यास पाणी ओतणे घातक ठरते. जड पाणी तळाशी जाऊन क्षणात त्याची वाफ होते व जळते तेल चहूकडे उडते. अशा वेळी शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे.

शिक्षकांना एक सोपा प्रयोग वर्गात करून दाखविता येईल. टॉर्चचे तीन सेल, एक छोटा एलईडी दिवा व पेन्सिलीतील दोन शिसे तारेने जोडून ती शिसे बॅटरीत घालण्याच्या शुद्ध पाण्यात बुडवावीत. त्यात साखर विरघळविली तरी दिवा लागत नाही, कारण साखरेच्या रेणूंवर विद्युतभार नसतो. मीठ टाकताच दिवा उजळतो. या प्रयोगासाठी घरातील विजेचा वापर कदापि करू नये. विहिरीच्या पाण्यातही क्षार असतात व त्यातून वीज वाहते. म्हणून ओल्या हाताने पंपाचे बटण दाबणे जिवावर बेतू शकते.

अणूंची ही भागीदारी डोळ्यांना दिसत नाही, परंतु तिचे परिणाम चुलीपासून विहिरीपर्यंत सर्वत्र अनुभवास येतात. शाळेत शिकलेला हा पाठ विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगितल्यास अनेक अपघात टळू शकतील.