वनस्पतीचं पेप्टाइड: डब्या घेण्याआधी वाचा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कुणी 'वनस्पती पेप्टाइड'चं क्रीम घेऊन आलं आणि म्हणालं, "वीस डब्या घ्या, विका, नफा तुमचा," तर अंतर्गत कर्जाचा विषय काढण्याआधी एवढं वाचा.

पेप्टाइड म्हणजे काय? प्रथिन ही अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ असते. तिचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. तांदूळ, सोयाबीनच्या प्रथिनाचे तुकडे केले तरी पेप्टाइडं मिळतात. लेबलवर 'हायड्रोलाइज्ड राइस प्रोटीन' असं काही दिसलं तर ते हेच. पण सुरकुत्यांच्या महाग क्रीममधली पेप्टाइडं बहुतेक झाडातून काढलेली नसतात. ती कारखान्यात मणी जोडून बनवतात.

त्यातलं गाजलेलं नाव पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४. यात पाच मणी, आणि त्यांचा क्रम घेतलाय माणसाच्या कोलॅजनवरून. झाडांत कोलॅजन नसतंच! मग वनस्पती कुठे आली? माळेच्या टोकाला पामिटिक आम्ल जोडलेलं असतं, ते पाम तेलातून मिळतं. शेपूट तेवढं झाडाचं. ते कामाचं आहे बरं का. नुसता तुकडा त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत शिरत नाही, तेलकट शेपटीमुळे त्याला वाट मिळते. कारखान्यात बनलं म्हणून ते वाईट नाही. फक्त 'झाडपाल्याचं' म्हणून जादा पैसे मोजू नका.

गुण येतो का? 2005 साली 93 बायकांवरचा एक अभ्यास छापून आला. 12 आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडचं क्रीम, दुसऱ्या बाजूला तेच क्रीम पेप्टाइडशिवाय. बारीक सुरकुत्यांत फरक दिसला, पण थोडाच. त्यात पेप्टाइड होतं दहा लाख भागांत तीन भाग. म्हणजे 50 ग्रॅमच्या डबीत मिठाच्या दोन-तीन कणांएवढं! बाकी सगळं पाणी, तेल, ग्लिसरीन वगैरे.

म्हणून लेबल उलटून बघा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याहून कमी असलेले नंतर कसेही. पेप्टाइड त्या शेपटाच्या गर्दीत असतं. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता, यातलं एक जरी नसेल तर माल परत करा.

"पावडर आणून आपणच साबणात घालू," असंही कुणी सुचवेल. साबण क्षारयुक्त, शिवाय मिनिटात धुऊन जातो. पेप्टाइड मोरीत गेलं समजा. आणि विक्रीसाठी साबण किंवा क्रीम बनवायचं तर सौंदर्यप्रसाधने नियम 2020 प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, बचत गटालासुद्धा.

आता उत्तनच्या बायांसाठी. बांबूंवर बोंबील वाळत घालताना जे ऊन तोंडावर येतं, तेच कोलॅजन मोडतं. डोक्यावरून पदर, रुंद काठाची टोपी, जमलं तर सनस्क्रीन, हे आधी. त्यानंतरही क्रीम घ्यावंसं वाटलं तर एकच डबी घ्या, कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. खाज किंवा लाली आली तर चेहऱ्याला लावू नका, आणि पुढच्या बैठकीत तसं सांगा.