साथ, भीती आणि विश्वास

रोगाची भीती वाटली की माणूस आपोआप काळजी घेतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रस्तुत लेखात ती तपासून पाहण्याचा मी प्रयत्न केला आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाची क्ष-किरण तपासणी मोफत असूनही पुष्कळ लोक तिकडे फिरकत नसत. हॉकबाम, रोझेनस्टॉक प्रभृती मानसशास्त्रज्ञांनी याची कारणमीमांसा केली. त्यांच्या प्रतिमानानुसार माणूस मनाशी चार गोष्टी तोलतो : हा रोग मला होईल काय? झाला तर कितपत घातक? उपायाचा उपयोग होईल काय? आणि त्या उपायापायी मला काय सोसावे लागेल?

हा चौथा प्रश्न किती जड असतो, हे आपल्याच जिल्ह्याचा इतिहास सांगतो. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. भीतीला तोटा नव्हता, तरीही लोक घरातले आजारी लपवीत. कारण रँडच्या अमलात गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत आणि रोग्याला घरच्यांपासून तोडून नेत. प्लेगपेक्षा बेअब्रूची धास्ती मोठी ठरली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे हाच संताप होता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग्याला घरातून हलवणे दोन्हीकडे होतेच. पण येथे हात आपल्या माणसाचा होता.

मार्च २०२० मध्ये पुण्यात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. मुखपट्टी, हात धुणे, अंतर राखणे हे आमच्या राजगुरुनगरात शाळकरी पोरालाही पाठ होते. तरी अंगात कणकण असताना गोळी घेऊन चाकणला कामावर जाणारे लोक मी पाहिले. "खाडा पडला तर चूल कशी पेटायची? आणि शेजारी दारात उभे करतील का?" असे ते म्हणत. याला अज्ञान कसे म्हणावे? चौथ्या प्रश्नाचे ते रोखठोक उत्तर होते. मात्र हीच मंडळी दारी आलेल्या आशाताईंजवळ ताप कबूल करीत. कारण बाळंतपणापासून पोरांच्या लसीपर्यंत त्या घरच्याच झालेल्या होत्या.

तात्पर्य, भीती माणसाला सावध करते, पण तीच त्याला लपायलाही लावते. आजाऱ्याची अब्रू आणि रोजी राखली, सांगणारा विश्वासातला असला, तरच आरोग्याचे नियम अंगवळणी पडतात. पुढील साथीच्या वेळी भिंतीवर सूचना चिकटवण्याआधी आपण एवढे ध्यानी घ्यावे, असे मला वाटते.